गोल्फ रिसॉर्टमधलं सुट्टीचं घर: अपुरी कामं आणि देखभाल यांचा हिशोब वेगळा कसा ठेवायचा

गोल्फ रिसॉर्टमध्ये घर घेणाऱ्याला पुष्कळदा ताबा मिळतो तो अर्ध्या रिसॉर्टचा. आपलं घर तयार असतं, समोरचा फेअरवे, म्हणजे कोर्सवरचा कापलेल्या गवताचा लांब पट्टा, हिरवागार दिसतो; पण क्लबहाऊसच्या जागी नुसते खांब उभे असतात, दुसऱ्या जलतरण तलावात पाणी नसतं आणि मागच्या रस्त्याला दिव्यांचे फक्त पाये घातलेले असतात. देखभालीचं बिल मात्र पहिल्या महिन्यापासून संपूर्ण रिसॉर्टचं येऊ लागतं.

इथे एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी लागते. जे काम झालंच नाही, ते बिल्डरचं देणं आहे. जे झालं पण सदोष झालं, तेही त्याचंच देणं आहे, मात्र ते मुदतीत आणि लेखी कळवायला हवं. जे नीट झालं होतं आणि वापराने, उन्हापावसाने झिजलं, तेवढंच मालकांच्या वर्गणीतून व्हायचं. हे तीन खिसे वेगळे आहेत. वेळ गेला की त्यांतल्या सीमारेषा पुसल्या जातात. नीट न दाबलेल्या भरावावर टाकलेली फरशी पहिल्या वर्षी खचली तर तो दोष ठरतो. तीच गोष्ट चौथ्या वर्षी पहिल्यांदा नोंदवली तर समोरचा सहज म्हणतो, ‘वापराने झालं.’ मग मालक त्याच फरशीचे पैसे दुसऱ्यांदा भरतात. पुढची सगळी खटपट हे टाळण्यासाठी आहे.

पायरी १: कागद जमवा, आणि गोल्फ कोर्स कोणाचा आहे ते शोधा

खरेदीचा करार, त्याची सगळी परिशिष्टं, मंजूर आराखडा आणि वापर परवाना या चार गोष्टी हाताशी हव्यात. त्यांच्या जोडीला विक्रीच्या वेळची माहितीपत्रकं, जाहिराती, ईमेल आणि संकेतस्थळाची पानं तारखेसह जपून ठेवा. संकेतस्थळं बदलतात. ‘दोन जलतरण तलाव’ असं लिहिलेलं पान एक दिवस ‘एक जलतरण तलाव’ असं होतं आणि जुनं पान कोणाकडेच नसतं.

यानंतरचा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत: गोल्फ कोर्सची जमीन कोणाच्या नावावर आहे? तीन प्रकार दिसतात. कोर्स मालकांच्या संस्थेचा असतो; किंवा बिल्डरच्या वेगळ्या कंपनीचा असतो आणि ती सदस्यत्वाची आणि खेळण्याची फी घेते; किंवा तो तिसऱ्याच कोणाला विकलेला अथवा भाड्याने दिलेला असतो. पहिल्या प्रकारात कोर्सच्या प्रत्येक खर्चाचा वाटा तुमच्यावर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात तो यायला नको, तरीही कोर्सचा माळी, कोर्सचं पाणी, कोर्सची वीज ‘सामाईक बागकाम’ या नावाखाली तुमच्या बिलात शिरू शकते. कराराची वाक्यं नीट वाचा. खिडकीतून कोर्स दिसतो म्हणजे तो तसाच राहील असा हक्क मिळतोच असं नाही. ती जमीन गोल्फसाठी किंवा मोकळीच ठेवण्याचं बंधन नोंदणीकृत दस्तऐवजात आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. घराच्या किमतीतला काही भाग त्या दृश्यासाठीच मोजलेला असतो.

पायरी २: प्रत्यक्ष फिरा आणि नोंदवही तयार करा

मालकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज तक्रारी येतात आणि रोज वर सरकून जातात. त्याऐवजी एकच सामाईक तक्ता करा. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, नेमकी जागा, काय वचन दिलं होतं आणि ते कुठल्या कागदात आहे, आज काय स्थिती आहे, फोटोचा क्रमांक, प्रथम दिसल्याची तारीख, कळवल्याची तारीख आणि आलेलं उत्तर, एवढं असलं की पुरे. ओळ पुसायची नाही. काम झालं तर ‘पूर्ण’ लिहून तारीख टाकायची.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि एक फोटो लांबून घ्या, म्हणजे जागा ओळखता येते. सामाईक भागाची फेरी तीन वेगवेगळ्या वेळी करावी: कोरड्या दिवशी, मोठ्या पावसानंतर लगेच, आणि रात्री. पावसानंतर चेंबर तुंबलेले, रस्त्यावर साचलेलं पाणी, बंकरमधून, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतून, वाहून आलेली वाळू दिसते. रात्री बंद दिवे दिसतात.

अर्धवट इमारतींकडे विशेष लक्ष द्या. उघड्या लिफ्टच्या खाचा, कठडा नसलेले मजले, वर निघालेल्या सळ्या, झाकण नसलेले चेंबर हे अपुऱ्या कामाच्या यादीत येतातच, पण त्याआधी ते अपघात आहेत. अशा जागा त्याच दिवशी लेखी कळवून कुंपण घालायला लावा. सुट्टीला आलेली मुलं नेमकी तिथेच खेळायला जातात. दुसरं असं, की उघड्या सळ्या गंजत राहिल्या तर पुढे काम सुरू होताना त्या तशाच वापरता येतील का, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

आता आपलं घर. गोल्फ कोर्सला लागून असलेल्या घरांची काही दुखणी इतर घरांना नसतात, म्हणून ती तपशिलात सांगतो.

पहिलं दुखणं पाण्याचं. फेअरवे पुष्कळदा घराच्या अंगणापेक्षा उंच केलेला असतो. घराभोवतीच्या जमिनीचा उतार भिंतीपासून दूर जायला हवा. पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटीमीटर उतार हे चांगलं माप आहे. बागेची माती डीपीसीच्या, म्हणजे जोत्याच्या पातळीवर ओल अडवणाऱ्या थराच्या, किमान १५ सेंटीमीटर खाली असावी. बागकाम करणारे सुंदर दिसावं म्हणून माती भिंतीपर्यंत चढवतात आणि वर्षभरात आतल्या रंगाचे पोपडे निघतात. मग स्प्रिंकलर. कोर्सचे स्प्रिंकलर बहुधा रात्री किंवा पहाटे चालतात, त्यामुळे त्यांचा फवारा आपल्या भिंतीवर येतो हे कळतच नाही. एकदा पहाटे उठून पाहा. भिंतीच्या खालच्या भागात पांढऱ्या क्षारांची पट्टी दिसत असेल तर रंगारी बोलावण्याआधी स्प्रिंकलरचा कोन बदलून घ्या.

दुसरं, नळाचं पाणी. गोल्फ कोर्सला बऱ्याच ठिकाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतात आणि त्याची वेगळी वाहिनी असते. अंगणातला नळ कुठल्या वाहिनीवर आहे हे लेखी विचारा. पिण्याच्या आणि पुनर्वापराच्या वाहिन्या चुकून जोडल्या जाण्याचे प्रकार घडतात. तपासायचा सोपा मार्ग असा: घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. सगळे नळ कोरडे पडले पाहिजेत. एखादा वाहत राहिला तर तो दुसऱ्याच वाहिनीवर आहे. असा नळ दिसला तर त्यावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी हवी आणि त्या नळाचा घरातल्या नळजोडणीशी कुठेही संबंध नको.

तिसरं, चेंडू. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्या खेळाडूचा चुकलेला फटका बहुधा उजवीकडे वळतो. म्हणून टीकडून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडून, पाहताना उजव्या अंगाला, साधारण १५० ते २३० मीटरवर असलेल्या घरांना जास्त मार बसतो. तुमचं घर या पट्ट्यात असेल तर जाळी, झाडांची रांग किंवा टीची दिशा बदलणं हे काम कोर्सच्या आखणीचं आहे. फुटलेल्या प्रत्येक काचेची, सापडलेल्या चेंडूंची जागा आणि तारीख टिपून ठेवा. एका चेंडूने काही सिद्ध होत नाही, नोंदींच्या मालिकेने होतं.

बाकीची तपासणी कुठल्याही नव्या घरासारखी. न्हाणीघर आणि गच्चीत निचरा बंद करून २४ तास पाणी साठवा, खाली ओल येते का पाहा. वीज गळतीच्या स्विचवरचं चाचणीचं बटण दाबा. तो लगेच पडला पाहिजे. तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. १ मिलिमीटरच्या आतली बारीक रेघ बहुधा प्लास्टरची असते. ५ मिलिमीटरच्या वरचा, पायऱ्यांसारखा जाणारा किंवा खुणेपुढे सरकणारा तडा मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

पायरी ३: कुठलं काम कोणाच्या खिशातलं

तक्त्यात आणखी एक रकाना जोडा: अपुरं, सदोष, झीज. वाद असेल तिथे ‘वादग्रस्त’ लिहा आणि तज्ज्ञाचं मत मिळेपर्यंत तसंच ठेवा.

इथे मालकांनीही न्यायाने वागायला हवं. कोर्सबद्दलच्या काही तक्रारी माहिती नसल्यामुळे होतात आणि त्यांनी खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं. ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बोटाएवढी असंख्य भोकं पाडून त्यांत वाळू भरलेली दिसली तर ती नासधूस नव्हे. दाबली गेलेली माती मोकळी करून मुळांना हवा देण्याचं ते नियमित काम आहे, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे ग्रीन खडबडीत दिसतंच. तसंच बर्म्युडा जातीचं गवत थंडीत सुप्तावस्थेत जाऊन तपकिरी पडतं. ते मेलं की झोपलं, हे ओळखायला एक काडी मुळापासून उपटून पाहा. खोडाचा बुंधा पांढरट-हिरवा आणि घट्ट असेल तर गवत जिवंत आहे. उलट उन्हाळ्यात फेअरवेवर गोल गोल हिरवे ठिपके आणि मध्ये वाळलेले पट्टे दिसले तर स्प्रिंकलरचे फवारे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे नोझल तुंबलेत, दाब कमी आहे किंवा मुळात आखणीच चुकली आहे. नव्या कोर्सवर ही तक्रार दोषात जाते.

पायरी ४: लेखी कळवा, मुदत सांभाळून

दोषांच्या जबाबदारीची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, आणि घर जिथे आहे तिथला कायदा लागू होतो. भारतात २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा, कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधणीतला, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष निदर्शनास आणला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्पेनमध्ये १९९९च्या बांधकाम कायद्याने तीन टप्पे ठरवले आहेत: शेवटच्या हातकामाच्या दोषांना १ वर्ष, राहण्यायोग्यतेच्या दोषांना ३ वर्षं आणि इमारतीच्या मजबुतीच्या दोषांना १० वर्षं. फ्रान्समध्येही १, २ आणि १० वर्षांच्या वेगवेगळ्या हमी आहेत. मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, ताब्यापासून की काम स्वीकारल्यापासून, हे आधी ठरवा आणि ती तारीख तक्त्याच्या माथ्यावर लिहा.

पत्र छोटं असावं. रागाने भरलेली चार पानं कोणी वाचत नाही. असा मजकूर पुरतो:

‘करारातील परिशिष्टात नमूद केलेली पुढील कामं आज, या तारखेपर्यंत पूर्ण झालेली नाहीत. सोबत क्रमवार यादी व फोटो जोडले आहेत. ही कामं कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होतील हे प्रत्येक कामापुढे लिहून ३० दिवसांत लेखी कळवावं. सामाईक सुविधांचा वापर किंवा देखभाल वर्गणीचा भरणा म्हणजे ही कामं आम्ही स्वीकारली असा अर्थ होत नाही. आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.’

शेवटून दुसरं वाक्य वगळू नका. पत्र पोचल्याची पावती मिळेल अशाच मार्गाने पाठवा. फोनवर आश्वासन मिळालं तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा ईमेल टाका.

वर्गणी थांबवावी का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. माझं मत स्पष्ट आहे: सरसकट थांबवू नका. सुरक्षारक्षक, पंप, कचरा हे त्याच पैशांवर चालतं, आणि थकबाकीदाराला मतदान करू न देण्याची तरतूद अनेक संस्थांच्या नियमांत असते. वादग्रस्त रक्कम हक्क राखून भरा आणि तसं लेखी कळवा. लढायला मत लागतं.

पायरी ५: देखभालीचं बिल उलगडा

एकूण आकडा पाहून महाग की स्वस्त हे कळत नाही. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, कंत्राटांच्या प्रती आणि पाणी-विजेच्या मीटरचे आकडे मागा. कोर्सला आणि घरांच्या बागांना वेगळे मीटर नसतील तर ते बसवणं ही पहिली मागणी ठेवा.

पाण्याचा हिशोब स्वतः करता येतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. कोर्सचा ३० हेक्टर भाग भिजवायचा आणि उन्हाळ्यात दिवसाला ४ मिलिमीटर पाणी द्यायचं धरलं तर रोज १२ लाख लिटर लागतात. आता ‘हे सगळं पाणी आमच्याच सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळेल’ हे वचन तपासा. ५०० घरं, त्यांपैकी एक पंचमांश भरलेली, प्रत्येकी तीन माणसं आणि माणशी १५० लिटर सांडपाणी धरलं तर रोज जमतात फक्त ४५,००० लिटर. उरलेलं कुठून येतं? विहिरीतून, कालव्यातून की टँकरने, आणि त्याचं बिल कोण भरतं? अर्धवट भरलेल्या रिसॉर्टचं खरं दुखणं इथे सापडतं. शिवाय सांडपाणी प्रकल्पातल्या जिवाणूंना रोजचं खाद्य लागतं. मोठ्या क्षमतेचा प्रकल्प नाममात्र पाण्यावर चालवला तर प्रक्रिया नीट होत नाही आणि वास सुटतो. तो वास म्हणजे यंत्र बिघडलं असं नेहमी नसतं. क्षमतेची आखणी टप्प्याटप्प्याने केली नव्हती, असंही असू शकतं.

आणखी दोन ओळी बिलात शोधा. न विकलेल्या घरांचा वाटा बिल्डर भरतो का? आणि वीज कायमस्वरूपी जोडणीवर आहे की अजून बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर? तात्पुरती जोडणी बहुधा महाग आणि अपुऱ्या दाबाची असते, आणि ती अजून चालू असणं हाच काम पुरं न झाल्याचा पुरावा आहे.

राखीव निधी हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण गोल्फ कोर्स असेल तिथे टाळता येत नाही. सर्वसाधारणपणे बंकरमधली वाळू ५ ते ७ वर्षांनी बदलावी लागते, डांबरी कार्टपाथ (खेळाडूंच्या छोट्या गाड्यांचा रस्ता) ५ ते १० वर्षं टिकतो, पंपिंग स्टेशन १५ ते २०, सिंचनाची यंत्रणा १० ते ३० आणि ग्रीन १५ ते ३० वर्षं. कोर्स मालकांच्या संस्थेचा असेल तर यासाठी पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला पडायला हवेत. नाहीतर पंधराव्या वर्षी एकदम मोठी वर्गणी येते, काही जण भरत नाहीत, कोर्स वाळतो आणि सगळ्यांच्या घरांची किंमत उतरते.

पायरी ६: सामाईक भाग ताब्यात घेताना घाई नको

हस्तांतरणाच्या दिवशी चहापाणी आणि सह्या उरकल्या जातात. तसं करू नका. मालकांच्या संस्थेने स्वतःचा इंजिनीअर नेमून पंप, जनरेटर, अग्निशमन, सांडपाणी प्रकल्प आणि सिंचन प्रत्यक्ष चालवून पाहावं. प्रत्यक्ष बांधणीनुसार काढलेले नकाशे हवेत, कारण जमिनीखालची वाहिनी कुठून गेली हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. यंत्रांच्या हमी संस्थेच्या नावावर करून घ्या. चाव्यांबरोबर सिंचनाच्या आणि प्रवेशद्वाराच्या नियंत्रण संगणकांचे पासवर्डही घ्या. ते जुन्या कंपनीकडे राहिले तर नवी कंपनी नेमताच येत नाही.

जलतरण तलावाबद्दल दोन सूचना. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसली पाहिजे आणि ती तुटकी असेल तर तलाव त्या क्षणी बंद. आणि ‘सध्या कोणी येत नाही’ म्हणून तलाव रिकामा ठेवू देऊ नका. जमिनीतली पाण्याची पातळी वर आली तर रिकामं टाकं खालून उचललं जाऊन तडकतं. पाणी ठेवावं, पीएच ७.२ ते ७.८च्या दरम्यान राखावा.

सही करताना ‘सोबतच्या यादीतील कामं वगळून’ असं लिहूनच करा. संस्थेला यादीतलं सगळं मिळेपर्यंत अखेरच्या रकमेचा काही भाग रोखून धरता आला किंवा बँक हमी घेता आली तर फारच चांगलं. हे करारातच घालता येतं, नंतर क्वचित मिळतं.

पायरी ७: कुलूपबंद घराची काळजी

जाताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटरचा फोटो काढा. परत आल्यावर आकडा सरकला असेल तर मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे गळती आहे, किंवा व्हॉल्व्ह धरत नाही. फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवा. न्हाणीच्या जाळीत पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल टाका. त्यामुळे ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीतलं, पाणी लवकर उडत नाही आणि गटाराचा वास, किडे घरात येत नाहीत.

परत आल्यावरची काळजी अधिक महत्त्वाची. नळांत साचून राहिलेल्या २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, आणि ते श्वासावाटे गेलेल्या बारीक तुषारांतून न्यूमोनियासारखा आजार करतात. म्हणून आल्याबरोबर आंघोळीला जाऊ नका. खिडक्या उघडा, सगळे नळ काही मिनिटं सोडा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून पाणी वाहू द्या आणि गीझरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घ्या. घरात वयस्कर माणसं असतील तर हे न चुकता करा.

घराची चावी ज्याच्याकडे आहे त्याला महिन्यातून एकदा काय काय पाहायचं याची लेखी यादी द्या. ‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून कोणी नेमकं काही पाहत नाही.

पायरी ८: बिल्डरनेच हात टेकले तर

कामगार दिसेनासे होतात, पत्रांना उत्तर येत नाही, कंत्राटदार आपली यंत्रं उचलून नेतात. अशी लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात तिथल्या कायद्याचा जाणकार वकील गाठा. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा दाखल करायला ठरावीक मुदत असते आणि परगावच्या मालकांची ती हमखास चुकते. सर्वांच्या वतीने एक मुखत्यार नेमा. बँकेची हमी, विमा किंवा पालिकेकडे ठेवलेली अनामत रक्कम आहे का हे तपासा.

दरम्यान मालकांना स्वतःच्या पैशातून काही कामं करावीच लागतात. क्रम असा ठेवा: आधी जिवाला धोका असलेल्या जागा, मग पिण्याचं पाणी आणि सांडपाणी, मग वीज आणि रस्त्यावरचे दिवे, मग छपरांची गळती. कोर्स शेवटी. सगळा कोर्स जगवणं झेपत नसेल तर ग्रीनना तरी पाणी द्या आणि फेअरवेचं गवत नुसतं कापत राहा, कारण ग्रीन नव्याने बांधणं सर्वांत खर्चिक असतं. तलावाचं पाणी साचून हिरवं होऊ देऊ नका, डास होतात. यातलं प्रत्येक काम सुरू करण्याआधी फोटो, दोन तरी दरपत्रकं, बिल्डरला ‘तुमच्या खर्चाने करत आहोत’ अशी नोटीस, आणि काम झाल्यावर पावती. हे सगळं त्याच तक्त्यात, त्याच ओळीसमोर लावा, म्हणजे दाव्यात रक्कम मागताना वकिलाला प्रत्येक आकड्यामागचा कागद लगेच देता येईल.